पळती गाडी : नवसारीपर्यंत आणि परत

आधी सांगूनच टाकते. ज्या वर्षी आमच्याकडे गाडी आली, त्या वर्षी दसऱ्याला मी बॉनेट उघडून इंजिनाची पूजा केली. आमच्या पंचवटीत दसऱ्याला लोक गाडीला झेंडूचा हार घालतात, बॉनेटवर स्वस्तिक काढतात, चाकाखाली लिंबू ठेवतात आणि जेवायला बसतात. मला ते वरवरचं वाटलं. माणसाला ओवाळताना आपण त्याच्या कोटाला ओवाळतो का? पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईला असले प्रश्न पडू नयेत, पण मला पडत. इंजिन हे गाडीचं काळीज, असं ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी सांगितलं होतं. म्हणून मी थेट काळजालाच हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, आणि आत मनगटासारखी दिसणारी एक नाजूक दांडी होती तिला पूजेचा लाल धागा बांधला. गाठ आपली माझी नेहमीची, सैलसर. माझी आई म्हणायची, हिने मारलेली गाठ वाऱ्यानेसुद्धा सुटते.

ती दांडी ॲक्सिलरेटरची होती. पाय दाबला की पुढे जाणारी, पाय उचलला की स्प्रिंगने मागे येणारी. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मागे उभे असलेले आमचे हे म्हणाले, "झालं. आता गाडीला काही होणार नाही."

गाडीला कधीच काही झालं नाही. जे व्हायचं ते आत बसणाऱ्यांना होत होतं.

सापुताऱ्याला हल्ली सगळेच जाऊन येतात आणि तळ्यातल्या होडीत बसून फोटो काढतात. पण तो घाट ज्यांनी मनाला येईल तसं पळणाऱ्या गाडीतून पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पिंपळगाव बसवंत

प्रवासाच्या आधी हा एक छोटा प्रवास झाला. आमच्या घरात गाडी मी चालवायचे. हे शेजारी बसून गाडीचं माहितीपुस्तक मांडीवर घ्यायचे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात हे हिशेबाच्या खात्यात होते. टर्बाइनच्या आवाजात फायली पुढे सरकवल्यामुळे आपल्याला यंत्रातलं कळतं, असा त्यांचा समज होता. मी त्यांना हसते आहे, पण मी काय कमी होते? नऊवारी नेसणाऱ्या सासूच्या घरातली पाचवारीतली सून, डोळ्यांवर काळा गॉगल लावून पंचवटी कारंज्याला वळसा घालायची. भाजीवाल्या बायका जुड्या बांधायच्या थांबून बघायच्या. मला वाटे, कौतुकाने.

दिवाळीनंतर एका लग्नाला निघालो होतो. पिंपळगावच्या अलीकडे कांद्याचा एक टेम्पो काही केल्या बाजूला होईना. मी पाय पूर्ण दाबला. टेम्पो मागे पडला. मग जीप मागे पडली. मग पिंपळगावसुद्धा मागे पडायला लागलं, तेव्हा मी पाय उचलला, आणि गाडीला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. ती आपली पळतच होती.

"अगं, हळू!"

"अहो, मी पाय उचललाय!"

"मग ही कोण चालवतंय?"

दोन्ही पायांनी ब्रेकवर उभी राहून मी गाडी रस्त्याच्या कडेला घातली, आणि कुणीतरी वाळत घातलेल्या कांद्याच्या राशीत ती घुसून बंद पडली. काचेवर कांदे, बॉनेटवर कांदे. राशीचा मालक शांतपणे उठून आला, वाकून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "लिलाव कवाच संपला बाई. येवढी घाई करून काय उपेग?"

नाशकात परत आल्यावर गाडी द्वारकेजवळच्या बाळूशेठच्या गॅरेजमध्ये नेली. बाळूशेठने ती गल्लीत दोनदा पुढे-मागे केली. गल्लीत पाय पूर्ण दाबायला जागा कुठे? गाडी गोगलगायीसारखी वागली.

"गाडी लोण्यावानी हाय," बाळूशेठ म्हणाला. मला नव्हे, यांना. "काकूंचा पाय जड हाय."

यांनी मान डोलावली. खरी गंमत पुढे आहे. मीही डोलावली! आरशासमोर उभी राहून मी माझा उजवा पाय तपासला. इतकं मला पटलं होतं. तरी बाळूशेठने समाधानासाठी केबल नवी टाकली, कार्बोरेटर धुतला आणि गाडी पुसून दिली. त्यानंतर गाडी पहिल्यापेक्षा जास्त पळायला लागली. गंगापूर रोडच्या मोकळ्या चढावर एकदा, पांडवलेण्याजवळ एकदा. दर वेळी वाचल्यावर आम्ही बॉनेट उघडायचो, लाल धागा जागेवर आहे ना ते बघायचो, आणि हे हात जोडून म्हणायचे, "धागा होता म्हणून निभावलं."

हे ज्याचे उपकार मानत होते तोच गळा आवळत होता. पण शहाणपण हे असंच, नेहमी पुढच्या गावात भेटतं.

नाशिक ते सापुतारा

आता खरा प्रवास. आमची मंजिरी नवसारीला दिलेली. सातवा महिना लागला होता, सासरी डोहाळजेवण होतं आणि ते झालं की पहिल्या बाळंतपणाला तिला माहेरी आणायचं होतं. विहीणबाईंनी फोनवर सुचवलं, "रेल्वेने न्या ने. मुंबईला गाडी बदलायची, एवढंच." पण लग्नात याच बाईंनी वऱ्हाड्यांच्या समोर विचारलं होतं, "तुमच्याकडे गाडी नाही, हं के?" ते माझ्या मनात काट्यासारखं रुतलं होतं. मी म्हटलं, "मी माझ्या लेकीला माझ्या गाडीतून आणणार." घाटात पळणारी गाडी, सात महिन्यांची गरोदर मुलगी, आणि मला पडलं होतं विहिणीच्या एका वाक्याचं! तेव्हाच्या त्या मला आज मी माझ्या गाडीत मागच्या सीटवरसुद्धा बसू देणार नाही.

डिंकाचे लाडू, शतावरी कल्प, थर्मासमध्ये चहा आणि यांच्या पोटासाठी द्राक्षासवाची मोठी बाटली घेऊन आम्ही निघालो. दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांमध्ये छाटण्या होऊन मणी धरले होते. वणीला पोचल्यावर गडाकडे तोंड करून खालूनच नमस्कार केला. वर जायला तिथेही घाट होता, आणि भक्तीलाही मर्यादा असते.

वणी सोडलं की द्राक्षं संपतात आणि डोंगर सुरू होतात. भाताची खाचरं कापून झालेली, उतारावर नागलीचे पिवळे तुकडे, डोक्यावर मोळ्या घेऊन पाठ ताठ ठेवून चालणाऱ्या बाया. घाटाच्या अलीकडे एका झापाखाली आम्ही जेवलो. नागलीची काळसर भाकरी, उडदाची दाट आमटी आणि असा ठेचा की यांची वाचा काही काळ बसली. प्रवासातली ती सगळ्यात शांत वेळ. भाकरी थापणारी म्हातारी गाडीकडे बघत होती.

"गाडी तूच हाकतेस?"

"हो."

"अन् हे बाबा?"

"ते बसतात."

"बसू दे," ती म्हणाली. "आमचा बी नुस्ता बसतो."

मग चढ लागला. पुढे लाकडाने लादलेला ट्रक धूर ओकत होता. मी पाय पूर्ण दाबला, ट्रक ओलांडला, आणि चढ संपला तिथेच रस्ता वळून सपाट झाला. पाय उचलला. गाडीने नाही उचलला.

संकटात मी काय केलं ते ऐका. मी पहिल्यांदा गॉगल काढला. मग गाडी बंद करायची म्हणून हात घातला आणि वायपर सुरू केले. कोरड्या काचेवर ते करकर करत नाचायला लागले. हे माहितीपुस्तकाची पानं उलटत ओरडत होते, "थांब, सापडतंय! थांब, सापडतंय!" त्यांना सापडलं ते रेडिओचं पान. शेवटी क्लच दाबला, तर इंजिन असं किंचाळलं की झाडावरची वानरं पळाली. मग कुठे किल्ली हाताला लागली. इंजिन बंद, ब्रेक दगडासारखा कडक, आणि त्या अवस्थेत आमची गाडी गुजरातच्या तपासणी नाक्याच्या आडव्या बांबूपासून वीतभर अंतरावर थांबली.

हवालदार पळत आला. वानरं पळवणारा आवाज त्यानेही ऐकला होता.

"बेन, आटली बधी उतावळ शेनी?"

घाई कसली हे मलाच कळत नव्हतं, त्याला काय सांगणार? दारूबंदीच्या राज्यात इतक्या वेगाने शिरणाऱ्या गाडीत काय असतं हे त्याला मात्र पक्कं माहीत होतं. त्याने डिकी उघडायला लावली. डिंकाचे लाडू हुंगले. मग द्राक्षासवाची बाटली उघडून हुंगली आणि त्याचा चेहरा उजळला.

"ये क्या है?"

"दवा," हे म्हणाले. "पेट के लिये."

"सब पेट के लिये ही पीते हैं, काका."

यांनी चमच्याने पिऊन दाखवलं, तोंड वाकडं करून दाखवलं, ढेकर देऊन दाखवला. शेवटी हवालदाराने बाटली परत केली आणि विचारलं, "गाडी कौन चला रहा था?"

"मी."

"अच्छा," तो म्हणाला आणि त्याच्या सगळ्या शंका एकदम फिटल्या. "तो फिर ठीक है." बांबू वर गेला.

महाराष्ट्र संपला हे पाटी वाचण्याआधी कंबरेला कळतं. तिकडचे रस्ते तेव्हा खरंच लोण्यासारखे होते. तळ्याकाठी चहा घेतला, बॉनेट उघडून धाग्याला नमस्कार झाला. पुढे वघईपर्यंत नुसता उतार, दोन्ही बाजूंना साग आणि बांबू, मधूनच पत्र्यासारखी वाजणारी वाळकी पानं. उतारावर पाय दाबावाच लागत नाही, त्यामुळे गाडी अगदी सोज्वळ. मला वाटलं, गुजरातची हवा मानवली तिला.

नवसारी

विहीणबाई तीन पिढ्यांच्या नवसारीकर. त्यांच्या मराठीत गूळ असतो, पण बोलण्यात नाही.

"प्रवास कसा झाला? घाटात काही त्रास?"

"छे!" मी म्हटलं. वायपरांनी काचेवर काढलेले ओरखडे समोर दिसत होते.

थंडीतली नवसारी खाण्यासाठीच असते. हुरडा आपल्याकडे शेतात बसून खातात. तिकडे त्याला पोंक म्हणतात आणि शेव, लिंबू, साखरेच्या दाण्यांबरोबर ताटलीत वाढतात. डाळीतही गूळ. मी आमटी समजून भुरका मारला आणि वाटलं, पुरणाचा कट आला वाटतं. विहीणबाई बघतच होत्या.

"गोड लागली? तुमच्याकडे मिसळ तिखट असते ने. म्हणून मग स्वभाव पण तसे होतात."

"आणि तुमच्याकडे गोड खाऊनही होत नाहीत," मी म्हटलं. मंजिरीने आम्हा दोघींमध्ये पापडाचं ताट सरकवलं.

एक मात्र मान्य करायला हवं. तिथे मुली लुनावरून भाजी आणत होत्या, विहीणबाईंची जाऊ स्कूटरवरून आली, आणि कुणी मान वळवून बघत नव्हतं. आमच्याकडे मी कारंज्याला वळसा घातला तर जुड्या बांधणं थांबत होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा शंका आली, की ते कौतुक नसावं.

डोहाळजेवण झालं. फुलांच्या वाडीत मंजिरी झोपाळ्यावर बसली होती, चेहरा भरलेला, पाय किंचित सुजलेले. गाणी चालली होती आणि माझ्या डोळ्यांसमोर तो घाट. येताना उतरलो होतो तो आता चढायचा होता. येतानाच्या चढाला टेकाड म्हणावं असा हा उभा चढ. पाय पूर्ण दाबल्याशिवाय ती छोटी गाडी तो चढणार नव्हती. आणि पूर्ण दाबला की काय होतं हे मला माहीत होतं. यांच्या लेखी तो माझा जड पाय होता; पण घाटात तो पाय मी उचलला होता, हे फक्त मलाच माहीत होतं.

निघायच्या सकाळी सामान चढलं. मंजिरी पोटावर हात ठेवून सावकाश मागच्या सीटवर बसली, म्हणाली, "आई, निवांत चालव, मी झोपणार आहे." मी किल्लीला हात लावला आणि तो हात फिरेना.

"मंजू," मी म्हटलं, "उतर."

"काय झालं?"

"ही गाडी माझं ऐकत नाही. चढावर आपोआप पळते. तुला घेऊन मी नाही जाणार."

ज्या बाईसमोर मिरवायचं म्हणून गाडी आणली, तीच समोर कुंकवाचा करंडा घेऊन उभी. जावईबापू समजुतीने हसले. "आई, नवीन ड्रायव्हरचं होतं असं. ब्रेकच्या ऐवजी चुकून ॲक्सिलरेटरवर पाय पडतो." व्याही म्हणाले, "सँडलमुळे पण होतं." आमचे हे म्हणाले, "गॅरेजवाल्याने बघितलंय. पाय जड आहे तिचा."

तीन पुरुष आणि तिघांचं निदान माझ्या घोट्याखाली. हल्लीच माझ्या भाच्याची नवीकोरी गाडी, आत कॉम्प्युटर असलेली, अशीच आपोआप पळाली म्हणून तो तक्रार घेऊन गेला, तर तिथल्या टाय लावलेल्या माणसाने त्याला सांगितलं, "सर, तुमचा पाय चुकला असेल." इतक्या वर्षांत गाड्या कुठल्या कुठे गेल्या. पायाचा दोष आहे तिथेच आहे.

"थांबा जरा," विहीणबाई म्हणाल्या. "परवा माझ्या विहिणीने आमच्या बोळातून गाडी मागे घेतली. तुळशीवृंदावनाला धक्का नाही, भिंतीला नाही. तुमच्यापैकी कुणाच्या पायाला जमलं असतं? बाई म्हणते गाडी पळते, तर पळते. उघडा ते झाकण."

मी खाली उतरले. बॉनेट उघडलं. पुरुष वाकले आणि एकमेकांना भागांची नावं सांगायला लागले. यांनी सवयीने हात जोडले.

"हा लाल काय आहे?" विहीणबाईंनी विचारलं.

"दसऱ्याचा धागा. रक्षणासाठी."

"कुणाच्या? तुम्ही आत बसा आणि पाय दाबा बघू. पूर्ण. आता सोडा."

मी सोडला.

"परत आलीच नाही ती दांडी," त्या म्हणाल्या. "धागा त्या स्प्रिंगच्या आकड्यात अडकून बसलाय. या, बघा तुमचं रक्षण."

मी उतरून बघितलं. आपण कुठली गोष्ट कपाळाला लावत होतो, हे इतक्या जवळून दिसणं फार वाईट. व्याही मागे सरकले. "पूजेचा आहे. आणि सूनबाई अशा दिवसांत. तोडायचा कसा?" हे म्हणाले, "गुरुजींना विचारून मग..." जावईबापूंनी हात खिशात घातले. विहीणबाईंनी आतून शिवणाची कात्री आणली आणि माझ्या हातात दिली. "बांधला तुम्ही. कापा पण तुम्हीच."

मनात आलं, खरंच काही झालं तर? मग मागे वळून बघितलं. मंजिरी दारात उभी, पोटावर हात. मी कात्री घातली. ती सहज चालेना. गाठ सुकलेल्या चिंचोक्यासारखी कडक, दोनदोन वेढे देऊन घट्ट आवळलेली. माझी गाठ, आणि इतकी पक्की? मला नवल वाटलं. पण देवाच्या कामाला आपोआप बळ येतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. इतका मूर्खपणा अजून शिल्लक होता.

धागा निघाला. पाय दाबला, सोडला. टक्कन दांडी मागे. विहीणबाईंनी मला कुंकू लावलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. एवढ्या संधीवर त्या काही बोलल्या नाहीत, हा त्यांच्या स्वभावातला गोडवा मला तेव्हा पहिल्यांदा लागला.

परतीचा घाट

वघईच्या पुढे चढ सुरू झाला तेव्हा मंजिरी झोपली होती. यांनी माहितीपुस्तक मिटून ठेवलं होतं आणि दाराचा दांडा धरला होता. एका लांब चढावर मी श्वास रोखून पाय पूर्ण दाबला. गाडी ओरडत वर गेली. समोर वळण, पलीकडे दरी, तिच्यात उन्हाने पांढरं पडलेलं जंगल. मी पाय उचलला.

गाडी हळू झाली.

एवढंच. लोक घाटात सूर्यास्त बघतात, मी गाडी हळू होताना बघितली. मागून मंजिरी झोपेतच म्हणाली, "आई, रडतेस का?" मी म्हटलं, "काच खराब आहे." यांनी वायपर सुरू केला.

नाक्यावर तोच हवालदार होता. गाडी इतकी सावकाश आलेली बघून त्याला पुन्हा संशय आला. पण ते असो.

नाशकात पोचल्यावर तो धागा रामकुंडात सोडायचा होता. पण आधी तो मुठीत घेऊन मी बाळूशेठच्या गॅरेजवर गेले. हा बघ माझा जड पाय, असं चार गिऱ्हाइकांसमोर सुनवायचं मी वाटेतच ठरवलं होतं. मूठ उघडून धागा त्याच्या नाकासमोर धरला. बाळूशेठने हात पुसले, धागा ओळखला आणि मोठ्या अभिमानाने म्हणाला, "ह्यो ना? दिसला व्हता की मला, काकू. केबल टाकताना सोडावा लागला. देवाचं काम, तसंच कसं टाकून द्यायचं? परत बांधला. तुमची गाठ लय ढिली व्हती, मी चांगली आवळून दिली."